मागचं डावं मडगार्ड

आमचे दाजी राजेंद्र ओव्हाळ यांच्या पँटच्या उजव्या खिशात रुमाल नसायचा, पाकीट नसायचं. चुंबक असायचं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं, काळं, एका कडेला टवका उडालेलं. त्या चुंबकानं आमच्या नात्यातली किती माणसं दुखावली ते सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. त्यात मीही आहे. मी त्यांचा सख्खा मेव्हणा सुहास, यशोधराताईचा धाकटा भाऊ, राहणार सोमाटणे.

माझं आधी सांगतो, म्हणजे मी एवढा चिडून का लिहितोय ते कळेल. मी सेकंडहँड गाडी घेतली आणि सासू-सासऱ्यांना तिच्यात बसवून, पेढे घेऊन कुसगावला ताईकडे गेलो. दाजी बाहेर आले. पेढा तोंडात टाकला, खिशातून चुंबक काढलं आणि गाडीच्या दाराला लावलं. ते सरळ माझ्या पायाशी येऊन पडलं.

"पुट्टी," दाजी पेढा चघळत म्हणाले. "पत्रा चेपला की ठोकून सरळ करायला जिवावर येतं. मग वर पुट्टी थापायची, घासायची, रंग मारायचा. चुंबक पत्र्याला धरतं, पुट्टीला धरत नाही. सुहास, तुला फसवलंय रे."

सासऱ्यांनी तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्याच नजरेनं ते अजून पाहतात.

दाजी तळेगावजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. समोर आलेल्या वस्तूला 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे काम. त्यातला पहिला शब्द त्यांच्या तोंडून निघाला की अख्खं डिपार्टमेंट एकमेकांना टाळी द्यायचं, असं त्यांच्या बरोबरचे लोक सांगतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कारखान्यात त्या दिवशी पेढे वाटले म्हणतात, आणि ते दाजींनी वाटले नव्हते. तेव्हापासून रिजेक्ट करायला घरी फक्त ताई आणि तिची भाकरी उरली.

ताईच्या नशिबानं त्याच वर्षी गाडी आली. तुंगार्लीच्या एका बंगल्यात डुक्कर फियाट, म्हणजे ती जुन्या काळची गोलमटोल मोटार, सडत पडली होती. बंगल्याचे मालक मुंबईचे, वर्षातून दोनदा येणारे. पाहुण्यांना ते ती गाडी दाखवून 'आमचा वारसा' वगैरे म्हणायचे, आणि त्या वारशाच्या मागच्या सीटवर वॉचमनच्या कोंबड्या अंडी घालायच्या. एकदा कुठल्याशा पाहुणीला तिथं साप दिसला आणि मालकांचं वारसाप्रेम आटलं. "घेऊन जा," ते दाजींना म्हणाले. दाजींनी ती टोचन करून आणली, घराला लागून पत्र्याचं गॅरेज उभारलं आणि कामाला लागले.

इंजिन एका मेकॅनिकनं चार दिवसांत सुरू करून दिलं. बॉडीला अकरा वर्षं लागली.

कारण दाजी पुट्टी लावणार नव्हते. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडी मारायची, आणि चेपलेला पत्रा टकटक टकटक करत बोटभर बोटभर वर आणायचा. दिवाळीनंतर पत्रा खरवडून उघडा करायचा. तो मनासारखा होईपर्यंत जून यायचा. लोणावळ्याचा पाऊस काही ओव्हाळसाहेबांची परवानगी घेऊन पडत नाही. चार महिन्यांत पत्र्याला गंज धरायचा, तो थांबवायला दाजी राखाडी प्रायमर मारायचे, आणि दिवाळीनंतर तोच प्रायमर पुन्हा खरवडायचे. "यंदा रंग," असं दर वर्षी सांगायचे. अकरा वर्षांत त्या गाडीनं शटरच्या बाहेर तोंड काढलं नाही. शेजाऱ्यांना तर टकटक थांबली की काळजी वाटायची.

इथवर सगळं हसण्यावारी न्यायला माझी हरकत नव्हती. पण चुंबक आमच्या तेजलच्या लग्नात आडवं आलं.

तेजल म्हणजे दाजींची एकुलती एक मुलगी. पहिलं स्थळ चाकणचं होतं, चांगलं होतं. मुलाचे वडील बोलता बोलता म्हणाले की आमच्या गाडीला आजवर ओरखडासुद्धा नाही. दाजी उठले, बाहेर गेले, परत आले. म्हणाले, "डाव्या दारात पुट्टी आहे. गाडीबद्दल असं, तर मुलाबद्दल काय काय झाकलं असेल?" पोहे तसेच राहिले. दुसरं स्थळ देहूरोडचं. त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं, म्हणून ते बिचारे रिक्षानं आले. दाजींनी रिक्षाला चुंबक लावलं.

मग तेजलनंच आईला सांगितलं की तिचं ठरलंय. मुलगा गौरव भालेराव, तिच्याच ऑफिसातला. "पप्पांनी या वेळी काही केलं तर मी कोर्टात जाऊन लग्न करीन," ती म्हणाली, "पण मग त्या लग्नात पप्पा नसतील." आणि रडायला लागली, कारण तिला ते नकोच होतं. ताईनं मला फोन केला. मी मुलाच्या वडिलांचं नाव विचारलं. ताईनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "जानूभाऊ. कामशेतचे."

आता सात वर्षं फक्त तीन माणसांनी पोटात ठेवलेली गोष्ट सांगतो.

सात वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला दाजी नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. घरातला गॅस संपला. भरलेलं सिलिंडर गॅरेजमध्ये होतं. ताई ते बुडाच्या कडेवर तिरकं करून फिरवत आणत होती, हात निसटला आणि सिलिंडर गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डवर आदळलं. परातीएवढा खड्डा. ताईनं मला फोन केला तेव्हा मला आधी वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. मी मोटारसायकल काढली आणि कामशेतला डेंटिंग-पेंटिंगचं दुकान असलेल्या जानूभाऊंना मागं बसवून आणलं. त्यांनी खड्ड्यावरून हात फिरवला.

"येका दुपारचं काम हाय ताई. पन पुट्टी लागंल."

ताईनं डोळे मिटून मान हलवली. जानूभाऊंनी पत्रा जमेल तेवढा वर काढला, पुट्टी भरली, घासली, आणि दाजींच्याच डब्यातला राखाडी प्रायमर मारला. निघताना ताईनं हात जोडले. ते म्हणाले, "काळजी करू नगा. मी हितं कदी आलोच न्हाई."

दाजी परतले. गाडीभोवती फिरले. मागच्या डाव्या मडगार्डपाशी थांबले. आम्ही बहीणभाऊ त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. दाजींनी मडगार्डवरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "यशोधरा, बघ, काय गोलाई आलीय. मी पावसाळ्याआधी ठोकलं होतं हे."

पुढं तेच मडगार्ड त्यांचं मिरवायचं मडगार्ड झालं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते दाखवायचं. त्याला लागलेला वेळही वाढत गेला. आधी आठ दिवस, मग महिना, शेवटी एक अख्खा हिवाळा. जमलेल्या कामाला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून दर दिवाळीनंतर खरवडताना ते तेवढं मडगार्ड सोडून द्यायचे, आणि तिथं चुंबकही त्यांनी कधी लावलं नाही. इतरांचा माल तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला आपला तपासावा असं सुचत नसावं.

बरं, एवढ्यावर थांबावं की नाही? दोन वर्षांपूर्वी कामशेतला जानूभाऊंच्या दुकानावरून जाताना दाजी उतरले आणि तयार झालेल्या गाडीला, गिऱ्हाइकासमोर, चुंबक लावून आले. "याला डेंटर म्हणतात? हा तर गवंडी," असं म्हणाले. जानूभाऊंनी एक शब्द काढला असता तर दाजींची तिथंच वाचा बसली असती. त्यांनी काढला नाही.

आणि आता त्याच जानूभाऊंचा मुलगा. मी त्यांना फोन करून सुचवलं की बोलणी करायला याल तेव्हा गाडी हायवेलाच लावा, घरापर्यंत चालत या. रविवारी त्यांनी आपली जुनी व्हॅन बरोबर दाजींच्या दारात उभी केली. दाजींनी चेहरा ओळखला. त्यांचा हात खिशात गेला.

"साहेब, ह्या दारात पुट्टी हाय," जानूभाऊ उतरता उतरता म्हणाले. "त्या बाजूच्या मडगार्डात बी हाय. म्याच भरलीया. आत यायचं का?"

दाजींचा हात खिशातच राहिला. दोष स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस त्यांना कारखान्यात कधी भेटला नव्हता. हॉलमध्ये बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली सगळे बसले, चहा झाला. गौरवला दाजींनी चार प्रश्न विचारले, त्यानं नीट उत्तरं दिली. पण दाजींना करमेना. जानूभाऊंना काहीतरी शिकवल्याशिवाय त्यांना तो चहा पचणार नव्हता.

"चला," ते उठले. "काम कशाला म्हणतात ते दाखवतो."

आम्ही सगळे गॅरेजमध्ये गेलो. ताईचा हात माझ्या दंडावर होता आणि तिची नखं रुतत होती. दाजी सरळ मागच्या डाव्या मडगार्डपाशी जाऊन उभे राहिले.

"हे बघा जानूभाऊ. एक हिवाळा घालवलाय यावर. पुट्टीचा कण नाही. तुमच्या धंद्यात हे कुणाला जमणार नाही, रागावू नका." आणि त्यांनी खिशातून चुंबक काढून जानूभाऊंच्या हातात दिलं. "लावा. तुम्हीच लावा."

जानूभाऊंनी मडगार्डकडे पाहिलं. त्यांनी ते ओळखलं हे मला दिसलं. स्वतःच्या हातचं काम माणूस ओळखतोच. सात वर्षं गप्प राहिलेला, गिऱ्हाइकासमोर गवंडी ठरलेला माणूस, आणि त्याच्या हातात चुंबक. मी त्यांच्या जागी असतो तर लावलं असतं आणि पडताना आवाज ऐकला असता. मला माझे सासरे आठवत होते.

त्यांनी ताईकडे एकदा पाहिलं. मग चुंबक मडगार्डवर ठेवलं आणि वरून आपला रुंद तळहात दाबला.

"धरतंय," ते म्हणाले.

"हात काढा ना."

"ऱ्हाऊ द्या. धरतंय म्हनलं न्हवं."

दाजी हसत होते. हसत हसतच त्यांनी मडगार्डवर, जानूभाऊंच्या हाताशेजारी, बोटानं टिचकी मारली. पत्रा टणटणतो. हे बद्द वाजलं. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा बद्द. दाजींनी आधी ताईकडे पाहिलं. ताई कोपऱ्यातल्या सिलिंडरकडे पाहत होती. दाजींनीही सिलिंडरकडे पाहिलं, मग मडगार्डकडे, मग जानूभाऊंच्या त्या न हलणाऱ्या हाताकडे. अकरा वर्षांत मला त्या माणसाची पहिल्यांदाच दया आली, आणि खरं सांगतो, थोडा आनंदही झाला.

तेजलला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की पप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग गेलाय, आणि याच्यानंतर नेहमी काय होतं. तिनं गौरवचं मनगट धरलं होतं.

दाजींनी जानूभाऊंच्या तळहाताखाली बोटं घालून चुंबक काढून घेतलं, हळूच, खाली पडू न देता. खिशात ठेवलं.  

"पास," ते म्हणाले.

 मग ते तेजलकडे न बघताच म्हणाले, "तारीख धरा. पाऊस यायच्या आतली धरा."

पुढचे दोन महिने जानूभाऊ रविवारी कुसगावला येत राहिले. टकटक चालायची, पण दोन हातोड्यांची. कुठं ठोकायचं आणि कुठं पुट्टी भरायची यावरून दोघांची भांडणं सबंध गल्लीला ऐकू जायची. तरी मे महिन्यात गाडीवर खरोखरच रंग चढला. गडद निळा.

लग्नाच्या दिवशी कामशेतच्या कार्यालयासमोर डुक्कर फियाट उभी होती. लोक वधू-वरांना सोडून गाडीभोवती फिरत होते. माझे सासरेही फिरत होते. मागच्या डाव्या मडगार्डपाशी ते वाकले, हात फिरवला आणि दाजींना म्हणाले, "काय गोलाई आहे हो! किती दिवस लागले तुम्हाला?"

मी जवळच उभा होतो. दाजींनी पँटच्या उजव्या खिशात हात घातला आणि रुमाल काढून कपाळ पुसलं.

"मी नाही केलं," ते म्हणाले. "आमच्या व्याह्यांनी केलंय. एका दुपारात."