माहीत असलेले प्रश्न

ताई गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, "कसं झालं हो?" विचारणाऱ्याला सगळं माहीत असे. आधी शहापूरचा दवाखाना, मग ठाण्याचं मोठं इस्पितळ, तिथून शववाहिनीने परत, ही हकीकत आमच्या दारापर्यंत येण्याआधी त्याने बाजारात दोनदा तरी ऐकलेली असे. तरी त्याने विचारायचं आणि मी पहिल्यापासून सांगायचं, ही रीत आहे. त्या रीतीवर माझा राग नव्हता. पण सांगून सांगून मला माझाच आवाज नकोसा झाला. शेजारच्या काकूंनी तेच तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी उठून आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. तिथे मला ताईच्या शाळेतल्या मुलीची गोष्ट आठवली. त्या दिवसांत रडू न येता आठवलेली ती पहिलीच गोष्ट.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आईवडील गेल्यावर शहापूरच्या घरात आम्ही दोघीच राहत होतो. ती खर्डीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावर प्राथमिक शिक्षिका होती. रोज जीपने खर्डी गाठायची आणि पुढे चढ चालायची. मी एसटीने मुरबाडला जायचे, तिथल्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. अभ्यासक्रमात एक प्रकरण होतं : काही समाजातली, काही वर्गांतली मुलं शाळेत मागे का पडतात. दरवर्षी ते शिकवण्याच्या आदल्या संध्याकाळी मी टेबलाशी टाचण काढत बसे आणि ताई जमिनीवर भाजी निवडत माझी उलटतपासणी घेई.

"सांग, काय म्हणतात तुझे लोक?"

"काही म्हणतात गरिबी. काही म्हणतात घरची भाषा वेगळी आणि शाळेची वेगळी. काहींच्या मते आईबापांना शिक्षणाचं महत्त्व नसतं. आणि काही म्हणतात, शिक्षकच आधी ठरवून टाकतात की ह्याला येणार नाही, मग त्याला येत नाही."

"ह्यातलं खरं कुठलं?"

"थोडं थोडं सगळंच."

"मग मंगळवारी वर्गात जाऊन मी काय करू? थोडं थोडं सगळं?" असं म्हणून ती मेथीच्या काड्या अशा मोडायची, जणू त्या काड्यांनीच ते प्रकरण लिहिलं होतं.

एका वर्षी तिच्या चौथीत एक मुलगी होती. पाड्यावरची, घरी वेगळीच बोली बोलणारी, वर्गात मात्र तोंडाला खंड नसलेली. ताईला तिला पाचवीला शहापूरच्या हायस्कुलात घालायचं होतं. मुलींच्या वसतिगृहात जागा होती, पण ती जागा शाळेत प्रवेश मिळालेल्या मुलीलाच मिळायची. प्रवेश नाही तर वसतिगृह नाही. वसतिगृह नाही तर दिवाळीनंतर आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर. तिचा मोठा भाऊ असाच चौथीनंतर भट्टीवर गेला होता आणि शाळेत परत दिसला नव्हता.

जूनमध्ये मला अजून सुट्टी होती, म्हणून मीही बरोबर गेले. हायस्कुलाचे मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुलीच्या आईला खुर्ची दिली. ती भिंतीला टेकून खालीच बसली. पाड्यावरची मुलं घेताना ते तोंडी काही विचारत. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि मुलीपुढे धरलं.

"हे काय आहे बाळ?"

मुलगी पेनाकडे बघत राहिली.

"बरं, ते भिंतीवर काय लावलंय?"

भिंतीवर घड्याळ होतं. मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

"तुझं गाव कोणतं?"

त्यावरही काही नाही. ताई खुर्चीच्या कडेला आली होती. सरांनी पेन परत खिशाला लावलं.

"बाई, ही बोलत नाही."

"बोलते, सर. वर्गात हिला गप्प बसवायला दुसरी शिक्षिका लागेल."

"मग इथे काय झालं? अहो, ह्या मुलांचं असंच असतं. घरात वातावरण नसतं. आईबाप सहा महिने बाहेर. ह्यात दोष कोणाचाच नाही." हे वाक्य ते फार समजुतीने म्हणाले. "एक वर्ष अजून चौथीत राहू द्या. तयार होईल."

"एक वर्ष थांबली तर ती भट्टीवर तयार होईल, सर."

"तुमची तळमळ कळते मला," मुख्याध्यापक म्हणाले. तळमळ कळते असं कोणी म्हणालं की ताईच्या कानशिलाची शीर उडायची.

आम्ही एसटी स्टँडसमोर रसवंतीत बसलो. मुलीने रसाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि ती भडाभडा बोलत होती : रसाचा चरक कोण फिरवतं, घुंगरं कशाला बांधलीत, बर्फ कुठून येतो. ताई तिच्याकडे बघतच राहिली.

"काय गो, पेन माहीत नाही तुला?"

"म्हाईत हाय."

"घड्याळ?"

"म्हाईत हाय ना, बाई."

"मग सरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनाबी म्हाईत व्हता. त्यांच्याच हातात व्हता."

ताईने ग्लास खाली ठेवला. तेव्हा मुलीची आई पहिल्यांदा बोलली. आवाजात ना तक्रार ना लाज, साधं समजावून सांगणं.

"बाई, पोरीवर चिडू नका. रानातून मोळी घेऊन येतो ना आमी, तर फॉरेस्टवाला आडवा येतो. डोक्यावर मोळी दिसते त्याला, तरी इचारतो, डोक्यावर काय हाय गो? लाकडा हाईत बोलला का संपला. म कुठून आणली, कुणी तोडली, चल नाक्यावर. आमी पोरांना आधीच सांगतो, म्हाईत असून इचारतो त्याच्याफुडं तोंड उघडायचा नाय."

 माझ्या टाचणात गरिबी होती, भाषा होती, आईबापांची अनास्था होती. इथे आस्था असलेली आई होती, तिने मुलीला एक गोष्ट नीट शिकवली होती आणि मुलगी ती नीट शिकली होती. सरांच्या खोलीत तिने दिलेलं उत्तर तिच्या घरच्या हिशेबाने बरोबर होतं. आणि त्या खोलीत त्याच उत्तराचं नाव वातावरण नसणं असं होतं.

मायलेकींना खर्डीच्या जीपमध्ये बसवून आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून तिने शाळेत एक खेळ सुरू केला. एकदा मीही तो पाहिला. मुलांनी साहेब व्हायचं, ताईने पोर व्हायचं. साहेबाने डोळ्यांसमोरची वस्तू दाखवून विचारायचं आणि पोराने मोठ्याने सांगायचं. ती मुलगी ताईच्या खुर्चीवर पाय हलवत बसली होती.

"बाई, तुमच्या पायात काय हाय?"

"चप्पल, साहेब."

"आन ह्यो काय हाय?"

"दगड, साहेब."

"तुमाला नाक किती?" मागून एका चिमुरड्याने विचारलं.

"एक, साहेब."

वर्ग हसून हसून लोळला. "बाईंना सगळा येतो!" एक जण ओरडला. हसू ओसरल्यावर ताईने त्यांना सांगितलं, शहापुरात मोठी माणसं हा खेळ खेळतात. त्यांना उत्तर माहीत असतं, तरी ती विचारतात. सांगितलं की शाबास म्हणतात. पकडून कोणी नेत नाही.

"कसाला खेळतात पण?" मुलीने विचारलं.

ताई फळा पुसायला वळली. परतताना उतरणीवर ती मला म्हणाली, "शेवटी मी काय शिकवतेय बघ. समोरचा बावळट नाही हे माहीत असून त्याला दगड म्हणजे दगड असं सांगायचं. आणि ह्याला म्हणायचं प्रगती." पुढे बराच वेळ ती वाटेतल्या फांद्या विनाकारण बाजूला सारत चालली.

आठवड्याभराने आम्ही पुन्हा मुख्याध्यापकांसमोर होतो. ताईने विनवण्या करून ही भेट मिळवली होती. सरांनी पेन काढलं.

"पेन," मुलगी म्हणाली. इतक्या जोरात की बाहेरचा शिपाई डोकावला.

"आणि ते?"

"घड्याळ!"

"तुझं गाव?"

तिने गाव सांगितलं, तालुका सांगितला, जिल्हा सांगितला. मग आपली पाळी आली असं वाटून तिने टेबलावरच्या पितळी घंटेकडे बोट केलं आणि सरांना विचारलं, "आन ह्या काय हाय?"

सरांनी घंटेकडे पाहिलं. मग सर हसले. "घंटा," ते म्हणाले.

"शाबास," मुलगी म्हणाली.

ताईने तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. सरांनी प्रवेश दिला. देताना ते जे म्हणाले त्यावर मी अजून चडफडते. ते म्हणाले, "बघा बाई, घरी जरा लक्ष दिलं, वातावरण मिळालं की होतं." आठवड्याभरात त्या झोपडीत कुठलं वातावरण आलं होतं? पण त्यांचा सिद्धांत शाबूत राहिला. मुलगी गप्प बसली तरी तो बरोबर, बोलली तरी तो बरोबर.

मुलीला 'क' तुकडी मिळाली. तिथे, ती पुढे सांगायची, कोणी काही विचारायचंच नाही, माहीत असलेलंही नाही आणि माहीत नसलेलंही नाही. सर फळ्यावर लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. तरी ती दहावी झाली. पुढे डी.एड. करायचं होतं, तेवढे गुण नव्हते. आता ती तिच्याच पाड्यावर अंगणवाडी चालवते.

ताई गेल्यानंतर मुख्याध्यापकही भेटायला आले. निवृत्त झालेले, थकलेले. त्यांनीही विचारलं, "कसं झालं?" मी सांगितलं. मग ते जमलेल्या लोकांना म्हणाले, "बाईंनी फार केलं त्या लोकांसाठी. पण मुळात त्यांना शिक्षणाची आवडच नाही हो. एखादीच निघते." माना डोलल्या. मला ओरडावंसं वाटलं. ताईच्या फोटोसमोर, ताईच्या कौतुकात गुंडाळून, ती आयुष्यभर ज्याच्याशी भांडली तेच वाक्य. मी चहाचे कप गोळा केले. सुतकात ओरडत नाहीत.

ती 'एखादी', तीच मुलगी, तेव्हा दाराशीच बसली होती. पाड्यावरून आली होती, चपला बाहेर जोडीने काढलेल्या. लोक पांगेपर्यंत ती नुसती बसून राहिली. कसं झालं, कधी झालं, काही विचारलं नाही. तिला माहीत होतं. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"एक इचारू?"

"विचार."

"पहिल्या टायमाला हेडसर मला घेत नाय बोलले ना, तवा बाई घरी येऊन रडल्या का?"

इतक्या दिवसांत मला कोणी न विचारलेलं, आणि माझ्याशिवाय कोणालाच माहीत नसलेलं. मला आठवावं लागलं.

"नाही," मी म्हणाले. "भांडी घासली. फळीवरची घासलेली भांडीसुद्धा काढून पुन्हा घासली. मी म्हटलं, अगं, ही स्वच्छ आहेत. तर म्हणाली, मला माहीत आहे."

ती हसली, मग डोळ्यांना पदर लावला. जरा वेळाने उठून ती ओट्याकडे गेली आणि तिने नळ सोडला. कप थोडेच होते. मी तिच्या शेजारी उभी राहून पुसायला घेतले. हात चालू ठेवून तिने पुढचं विचारलं, "आन जेवल्या का त्या दिशी?"