वाढीची चार बोटं

कोणतंही माप घेताना मावशी आधी वीत टाकायची आणि मग तिच्यापुढे दुसऱ्या हाताची चार बोटं आडवी ठेवायची. वितीकडे बघून म्हणायची, "एवढं पोरीचं." मग बोटांकडे बघून, "अन् हे वाढीचं."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गणवेश दोन वर्षं पुरेल असा शिवून घेणारी, बोटभर मोठी चप्पल घेऊन पुढे कापूस कोंबणारी. पण ती निदान टेप तरी लावतात. मावशीचा टेपवर विश्वासच नव्हता.

तिची माझी ओळख देवरीतल्या विणकामाच्या कार्यशाळेत झाली. मी तिथे हौसेने गेले नव्हते. इतकी वर्षं नर्सची नोकरी केल्यावर सकाळी माझी बोटं आखडू लागली होती, म्हणून आमच्या डॉक्टरांनी विणकाम करून बघा म्हटलं. दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात सतरंजीवर पंधरावीस बायका बसायच्या. शिकवायला गोंदियाहून एक मॅडम बसने यायच्या. आल्या आल्या सगळ्यांचं विणलेलं तपासायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "उधेडो." आपण उसवा म्हणतो, तेच. पण मॅडमच्या तोंडून तो शब्द आला की केलेली मेहनत पाच मिनिटांत पुन्हा लोकरीचा गुंडा व्हायची. एक टाका सुटलेला त्यांना सतरंजीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा.

पहिल्याच शनिवारी मावशी माझ्या शेजारी बसली. मॅडमनी तिला सुईवर छप्पन टाके घालायला सांगितले. मावशीने मान खाली घालून झपाझप घातले. मॅडमनी मोजले, तर सत्तर.

"अम्मा, छप्पन बोला था. उधेडो."

मावशीने उसवले, पुन्हा घातले. पुन्हा सत्तर.

बायका हसायला लागल्या. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं. मावशी जन्मभर उन्हाळ्यात जंगलात तेंदूपत्ता तोडत आलेली. सत्तर पानं झाली की पुडा बांधायचा. हाताला तेवढीच मोजणी ठाऊक. सत्तर भरल्याशिवाय तो थांबायचाच नाही.

"मावशी, स्वेटर विणून राहिली का पुडा बांधून राहिली वं?"

"बांधून राहिली तं राहिली," मावशी म्हणाली. "तुह्या काऊन पोटात दुखते? चौदा टाके जास्तीचे झाले, वाढीचे राहू दे."

मॅडमनी त्या दिवशी तिच्यापुढे हात टेकले.

स्वेटर नातीसाठी होता. नऊ वर्षांची पोर. आईबाप कामासाठी हैदराबादकडे, पोर हिच्याजवळ. मी तिला ओळखत होते, कारण दर हिवाळ्यात ती आमच्या वॉर्डात असायची. सिकलसेल, रक्तातला जन्मजात आजार. थंडी बाधली की तिची हाडं इतकी दुखायची की ती रडायचीही नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं छताकडे बघत पडायचं. थंडी पडायच्या आत स्वेटर तिच्या अंगावर हवा, एवढ्यासाठीच मावशी दर शनिवारी गावाहून यायची.

"बाजारात तयार मिळतो की," मी म्हटलं.

"तो पुढल्या साली होत नाई, सिस्टरबाई. हा उसवून मोठा करता येते."

तिचं काम हळू चाललं होतं. चौदा टाके जास्त म्हणजे प्रत्येक ओळ लांब, आणि लांबीलाही चार बोटं वाढीची. धान कापणीला आलं, पहाटे धुकं पडू लागलं, तरी मागचा भाग आणि अर्धा पुढचा, एवढंच झालेलं. माझ्याच्याने राहवलं नाही.

"मावशी, मापाचा कर. लवकर होईल. थंडी काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

"पोरगी वाढून राहिली ना."

"नाही वाढत," मी म्हटलं. "दोन वर्षांत वजन तेवढंच आहे. मी स्वतः लिहिते ना."

आजूबाजूच्या सुया थांबल्या. मावशीने विणकाम मांडीवर ठेवलं.

"तुमच्या काट्यावर वाढत नसन," ती म्हणाली. "माह्या हातावर वाढते."

पुन्हा सुई उचलली आणि सुलट ओळ सुरू केली. मी खोटं बोलले नव्हते. पण खरं असलं म्हणून तिथेच बोलायला हवं होतं, असंही नाही.

त्यानंतरच्या एका शनिवारी मावशी आली नाही. सोमवारी सकाळी मी ड्यूटीवर गेले, तर ती वॉर्डात होती. नातीला ताप, छातीत दुखणं, श्वास लागलेला. अंगात तो स्वेटर. पुढचा-मागचा भाग जोडलेला, पण बाही एकच. तिचं टोक मनगटापाशी चार बोटं दुमडलेलं. दुसरा हात खांद्यापासून उघडा.

"एक बाही राहिली," मावशी मला म्हणाली, जशी काही मी तपासणी करणार होते.

त्या उघड्या हाताला मी सलाईन लावली. स्वेटर काढावा लागला नाही.

दुपारी पोरीला गोंदियाला पाठवलं. तिथे तिसऱ्या दिवशी ती गेली.

कार्यशाळेच्या शेवटच्या शनिवारी बायका आपापली कामं पूर्ण करत होत्या. मावशी आली आणि नेहमीच्या जागी बसली. पिशवीतून स्वेटर काढला. मॅडम उठून तिच्याजवळ आल्या.

"अम्मा, अब रहने दो."

"पोरीले पुरलं तिथं ठेवाचा हाय," मावशी म्हणाली. "अर्धा कसा ठेवू?"

बाहीचं माप घ्यायला तिने स्वेटरवर वीत टाकली, अंगठा उचलून दुसरी टाकली. सवयीने दुसऱ्या हाताची चार बोटं पुढे आली. ती थोडा वेळ तशीच वर राहिली. मग तिने ती मिटून घेतली.

बायका गेल्या, सतरंजी गुंडाळायची वेळ झाली, तरी आम्ही तिघी बसून होतो. मावशीने शेवटचा टाका बंद केला, बाही शिवून लावली, धागा दातांनी तोडला आणि स्वेटर मॅडमपुढे धरला. मॅडमनी दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. नवी बाही चार बोटं आखूड होती.

मॅडम "उधेडो" म्हणाल्या नाहीत. स्वेटरची घडी केली आणि दोन्ही हातांनी मावशीला परत दिली.