पाठवणीच्या मोटारीची हवा

लोणारच्या स्टँडवर सायकलींची पंक्चरं काढता काढता मी सरकीच्या व्यापारात पडलो आणि स्वतःची मोटार घेतली. जुनी होती, पण माझ्या कमाईची. खामगावच्या दलालांनाही मी भावात घाम फोडलेला आहे. माझ्या सासऱ्यांनी मात्र मला भर मांडवात फसवलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

धाकट्या मेहुणीचं लग्न होतं, रोहिणखेडला, माझ्या सासरी. नवरदेव सोनाळ्याचा. नवरीची पाठवणी माझ्या मोटारीतून व्हावी, एवढंच मला हवं होतं. बायकोनं तसं बहिणीला सांगूनही ठेवलं होतं. पण सासऱ्यांनी ओळखीच्या एका जमीनदाराची नवीकोरी मोटार मागून आणली आणि माझ्या मोटारीत रुखवताची भांडी भरायला लावली. मी भांडी भरली.

शेवटची पंगत उठली तेव्हा नव्या मोटारीचं मागचं चाक बसलेलं दिसलं. ड्रायव्हरच्या अंगावर कडक इस्त्रीचे कपडे होते, पण गाडीत पंप नव्हता. सासरे स्वतः माझ्याकडे आले.

"जवाईबुवा, तुमचा पंप द्या ना जरासा. व्याही बसतीन त्या मोटारीत."

"देतो, मामाजी. पन नवरी माह्या मोटारीत बसन."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हाव, बसन. पयले हवा तं भरा."

बाजारात असल्या बोलण्यावर मी कुणाला मूठभर सरकी दिली नसती. तिथं हवा दिली. नव्या पँटचे पाय दुमडले, पायपंप लावला आणि मांडवासमोर उठाबशा काढल्यासारखा दाबत राहिलो. वाल्ववर थुंकी लावून पाहिली. बुडबुडा आला नाही, म्हणजे हवा गळत नव्हती. गेज लावलं, सव्वीस पाउंड भरले. मग बाकीची तीन चाकं तपासली, तर तीही अठरा-वीसवर. सोनाळा लांब, रस्ता खडीचा. कितीही राग असला तरी कमी हवेचं चाक मला बघवत नाही. चारही वाल्वच्या टोप्या खिशात टाकून मी तीही भरली.

वरपक्षाचा एक म्हातारा सुपारी कातरत म्हणाला, "हवा भराले घरचाच जवाई ठेवला, बरं केलं." सगळे हसले. सासरेही हसले.

विहिरीवर हात धुऊन आलो, तर मेहुणी नव्या मोटारीत बसलेली.

"व्याह्याचा हट्टच पडला," सासरे म्हणाले. "तुमी तं घरचेच."

मी मागच्या चाकाशी खाली बसलो. वाल्वची सुई नखानं दाबली असती तर सगळ्यांसमोर मोटार बसली असती. वर पाहिलं. मेहुणी काचेतून माझ्याकडेच बघत होती, डोळे रडून सुजलेले. मी उठलो.

सोनाळ्यापर्यंत त्या मोटारीची धूळ खात गेलो. मागे भांडी आदळत होती. उतरल्यावर खिशात हात गेला, तर चारही टोप्या तिथंच.

पुढं मेहुण्याकरवी निरोप आला, जमीनदार टोप्या मागतो आहे.

"मामाजीले सांग," मी म्हटलं, "सोता येऊन मागा म्हना. आनि काऊन पायजेत, तेही चारचौघात सांगा."

ते कधी आले नाहीत. टोप्या माझ्या कपाटात आहेत.