लाउड स्पीकर

अमेरिकेत बॉथेलला राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात शेजारच्या बाईंनी आम्हाला शनिवारचं आमंत्रण दिलं. त्या मूळच्या न्यूझीलंडच्या, माओरी. आसपासच्या गावांतली त्यांची काही मोजकी कुटुंबं पार्कातल्या हॉलमध्ये जमणार होती आणि बाहेरच्यांनाही येऊ देणार होती. आमचे शनिवार तेव्हा लाँड्री आणि ग्रोसरीतच संपायचे. मी लगेच हो म्हटलं.

सकाळी निघताना बाईंचा फोन आला. नवऱ्याने घेतला.

"डू यू हॅव अ स्पीकर?"

"ऑफ कोर्स! व्हेरी लाउड," म्हणून त्याने ब्लूटूथ स्पीकर कौतुकाने गाडीत ठेवला. मागे दोन्ही मुलं आणि मधे सासूबाई. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

हॉलबाहेर आमच्यासारखे आणखी पाहुणे थांबलेले. एक तेलुगू कुटुंब आणि एक अमेरिकन आजी-आजोबा. बाई आल्या, नवऱ्याने स्पीकर पुढे केला. बाई आधी त्या डब्याकडे बघत राहिल्या, मग पोट धरून हसायला लागल्या. हसणं आवरल्यावर त्यांनी रीत समजावली. पाहुण्यांना आत घेताना यजमान भाषण करतात. पाहुण्यांपैकी एकाने त्याला उत्तर द्यायचं आणि मग सगळ्या पाहुण्यांनी मिळून एक गाणं म्हणायचं.

"उत्तर देतो तो स्पीकर," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही तर म्हणालात, व्हेरी लाउड."

तेलुगू काका एकदम बुटाची लेस बांधायला वाकले. त्यांच्या पायात सँडल होते.

तेवढ्यात हॉलमधून एक धिप्पाड तरुण भाला परजत, डोळे वटारून, जीभ बाहेर काढून उड्या मारत आला. माझा मुलगा माझ्या कुर्त्यात शिरला. सासूबाई मात्र त्याच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "जीभ छान गुलाबी आहे हो. पोट साफ असणार."

त्या तरुणाने नवऱ्यासमोर जमिनीवर एक पान ठेवलं. बाईंनी बजावलं होतं: ते पान उचलायचं, म्हणजे आपण भांडायला आलेलो नाही हे त्यांना कळतं. पण भालेवाल्यावरची नजर काढायची नाही. नवरा नजर न काढता वाकला आणि चाचपडायला लागला. पान उजवीकडे, हात डावीकडे.

"अरे, नमस्कार काय करतोस आत्ता?" सासूबाई ओरडल्या. "माझा पाय आहे तो! पान उचल!"

भालेवाल्याची जीभ आत गेली. त्याने ओठ गच्च मिटले, पण खांदे हलायला लागले होते.

शेवटी पान मिळालं आणि आम्ही आत गेलो. यजमानांतल्या एका आजोबांनी त्यांच्या भाषेत इतकं सुंदर, खर्जातलं भाषण केलं, की शब्द कळत नसूनही अंगावर काटा आला. मग आमच्या स्पीकरची पाळी आली.

"हाय एव्हरीवन," नवरा म्हणाला. "कॅन एव्हरीवन हिअर मी?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

"ग्रेट. थँक्स फॉर जॉइनिंग."

"बाबा, इट्स नॉट अ मीटिंग," मुलगी पुटपुटली. त्याने कसंबसं आभार मानून संपवलं आणि माझ्याकडे बघितलं. गाणं! आम्हा पाचही जणांना पूर्ण येणारं एकही गाणं मला आठवेना. आणि तेवढ्यात सासूबाईंनी खणखणीत आवाजात सुरू केलं, "बे एके बे!"

पाढे त्या नातवंडांकडून रोज घोकून घेत. मुलांनी सवयीने उचललं, "बे दुणे चार!" पाठोपाठ आम्ही दोघं. तेलुगू काकांनी ताल धरला. अमेरिकन आजी-आजोबा प्रत्येक ओळीला नुसतं "बे" म्हणत होते, पण मनापासून. बे दाहे वीसला टाळ्यांचा कडकडाट झाला. एका माओरी बाईंनी डोळे टिपत विचारलं, की ही प्रार्थना कसली? नवरा म्हणाला, "समृद्धीची."

मग गळाभेटीऐवजी नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावून भेटायचं होतं. एकमेकांचा श्वास वाटून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. सासूबाई एरवी लांबूनच हात जोडणाऱ्या. मला धास्ती वाटली. पण पहिल्या म्हाताऱ्या बाईंनी नाक टेकवलं, तशा त्या डोळे मिटून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. नंतर रांगेतला कुणी सुटला नाही. अमेरिकन आजोबा "आय ॲम आल्सो अ गेस्ट" म्हणत मागे सरकत होते, त्यांनाही त्यांनी गाठलं.

जेवण तापलेल्या दगडांवर वाफवलेलं होतं. एरवी ते जमिनीत खड्डा खणून शिजवतात, पण पार्कात तशी परवानगी नसल्याने ते मोठ्या लोखंडी पिंपात शिजवलं होतं. शेजारीणबाईंनी सासूबाईंची रताळी मांसापासून वेगळी, दुसऱ्या भांड्यात वाफवली होती. धुराचा वास लागलेली, मऊ, गोड. सासूबाईंनी तीनदा मागून घेतली.

जेवणानंतर मी उठून "थँक यू फॉर हॅविंग अस" सुरू केलं, तर शेजारीणबाईंनी मला थांबवलं. एकदा आत घेतलेला माणूस त्यांच्यात पाहुणा राहत नाही, त्या म्हणाल्या, तो घरचाच होतो. माझे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या हातात ओलं फडकं दिलं आणि भांड्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

सासूबाई माझ्याआधीच सिंकपाशी पोचल्या होत्या. भालेवाला तरुण भांडी विसळत होता आणि त्या त्याला मराठीत सांगत होत्या, "अरे, बुडाला घास. बुडाला."