झाकणावरचा ठिपका

आमच्या डिलाईल रोडवर लॅपटॉप दुरुस्त करणारा एक आहे. मला तो कधी आवडला नाही. माणसाकडे बघत नाही, मशीनशी बोलतो. "काय रे राजा, काय दुखतंय?" हे लॅपटॉपला. आपण नुसतं उभं राहायचं.

माझी मुलगी दुबईला असते. दर रविवारी तिच्या जुन्या लॅपटॉपवर ती दिसते, बोलते. आठवडाभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच. दसऱ्यानंतर त्यात वायफायचं एकही नाव दिसेना. शेजाऱ्यांचे मोबाइल चालू, माझंच बंद. म्हणून झक मारत त्याच्याकडे गेलो.

त्याने लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला. "काका, बाजूचं वायफायचं बटण बंद झालंय. फटीत कुंकू भरलंय. पूजा कोणी केली?"

"मी. गिरणीत मशीनची व्हायची, तशी आमची ही दर दसऱ्याला ह्याची करायची. यंदा ती नाही. मला कुठे येतंय? सांडलं सगळं. मग पुसत बसलो."

"होतं, होतं." त्याने ब्रशने फट साफ केली, बटण सरकवलं. नावांची रांग आली.

मग फडकं ओलं करून तो झाकण पुसायला लागला. माझ्या राड्याखाली गेल्या वर्षीचा सुकलेला ठिपका होता, चांगला गोल. त्याचा हात थांबला. पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघितलं.

"काकींचा?"

मी मान हलवली. त्याने ठिपक्याच्या कडेकडेने फडकं फिरवलं आणि झाकण हळूच लावलं.

"जा राजा, घरी जा," लॅपटॉपला म्हणाला. "काकांकडे बघ जरा."