सगोत्र वेली

कंदीलफुलाच्या वेलींवर मी पीएच.डी. करत होते, तेव्हा कोथरूडच्या आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. मी डोंगरावर माशा मोजायला जात होते.

पावसाळाभर फुलांना मलमलीच्या पिशव्या बांधून मी त्यांना त्यांचेच पराग लावून पाहिले. एकही शेंग धरली नाही. दुसऱ्या वेलीचे लावले की धरायची. एरवी हे काम एक बारीक माशी करते, आणि ती काही फार लांब उडत नाही. म्हणून डोंगरागणिक वेलींचं कुळ वेगळं. एवढं एक वाक्य मिळवायला माझी चार वर्षं गेली.

त्याच सुमारास हिंजवडीच्या एका कंपनीला आवारातला बोडका डोंगर या दुर्मिळ वेलींनी भरून हवा होता, तोही उद्घाटनाच्या आत. माझ्या मार्गदर्शक सरांनी ते काम घेतलं. प्रयोगशाळेच्या बाटल्यांत एकच वेल भराभर वाढत होती. सरांनी तिच्याच तुकड्यांपासून शेकडो रोपं केली.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, ही सगळी एकाच वेलीची आहेत. सगोत्र लग्न लावल्यासारखं होईल. बी धरणार नाही."

सर चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्यात गोत्र कधीपासून बघायला लागले?"

आम्ही बौद्ध, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सगळे हसले. मीही हसले. सरांच्या बोलण्यापेक्षा मला त्या माझ्या हसण्याचाच राग जास्त येतो. स्वतःच्या मुलासाठी स्थळं बघताना सर पहिलं गोत्र विचारत, पण त्यांचं तोंड कोण धरणार? प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. रोपं लावायलाही मीच गेले.

फुलं भरपूर आली. पाहुण्यांनी फोटो काढले. प्रबंधावर सरांची सही झाली, मला कॉलेजात नोकरी लागली.

कंदातून वेल दरवर्षी फुटते, त्यामुळे डोंगर अजून फुलतो. पुष्कळ वर्षांनी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन तिथे गेले. एक मुलगी वेली उलटसुलट करून पाहत होती.

"मॅडम, एवढी फुलं आहेत, मग शेंग एकही कशी नाही?"

"इथे माशा कमी असतील," मी म्हणाले.

तिच्या हातातल्याच फुलातून एक माशी बाहेर पडत होती. सर केव्हाच निवृत्त झाले होते. आता मला कुणाचीही सही नको होती.