सकाळी सहाच्या पोरी

साल १९९७. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हापासून नवरात्र बसेपर्यंतचे हे दिवस.

टँकाचा फिल्टर रोज चालवला तरी तळाला गाळ बसतोच. किश्श्यांचंही तसंच. मी काही गोष्टी सांगणारा माणूस नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढं तालीम, आणि गुडघा गेल्यावर कोल्हापुरात कॉलेजच्या स्विमिंग टँकावर नोकरी. पाणी स्वच्छ ठेवायचं, बुडणाऱ्याला बाहेर काढायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तिन्ही कामं चोख केली. आता रिटायर झालोय, म्हणजे तिसऱ्यातून सुटलो!

पोरी मला वस्ताद म्हणत. टँकावरच्या माणसाला कोण वस्ताद म्हणतं? पण त्या म्हणत, आणि मी म्हणू देत होतो.

सकाळी सहाचा तास मुलींचा होता. तोच तास मुलांच्या वॉटरपोलोवाल्यांना हवा होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी जूनमध्येच निकाल दिला, "मुलींनी यंदा विद्यापीठाची ढाल आणली, तर सहाचा तास त्यांचा. नाही आणली, तर मुलांचा." दुसरा तास मोकळा नव्हता. म्हणजे ढाल नाही तर मुलींची टीमच नाही. आणि टीम म्हणजे तेव्हा होत्या दोघी! कॅप्टन राजश्री, डॉक्टरांची मुलगी, आणि कांचन, जी आठवड्यातून एकदा बोलायची.

*

जुलैत शोभा आली. मुरगूडकडची, वेदगंगेच्या काठची. वडिलांच्या म्हशी धुता धुता पोहायला शिकलेली. टँक तिनं जन्मात पाहिला नव्हता.

खेळाचे जाधव सर म्हणाले, "ट्रायल घेऊ." राजश्री आणि कांचन शेजारी उभ्या केल्या. पलीकडं जाऊन परत यायचं, एवढंच.

शिट्टी झाली. शोभा अशी सुटली की मी हातातली जाळी खाली ठेवली. दोघी अर्ध्यात होत्या, तेव्हा ही पलीकडं पोचली. पोचली, कठड्यावर चढली आणि वेणी पिळत उभी राहिली!

सर ओरडले, "अगं, परत फीर! परत!"

"परत कशाला? आलो की पल्याड!"

नदी ओलांडली की काम संपलं. तिचं काय चुकलं? सरांनी हात जोडले तेव्हा तिनं पुन्हा उडी टाकली. तोवर दोघी वळून निघाल्या होत्या. तरी कांचनच्या पुढं आली.

*

शोभाच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं, पोरगी कॉलेजात असले-तसले कपडे घालून पोहते. एके दिवशी सकाळी ते फेटा बांधून टँकावर हजर. जाधव सरांचा चेहरा उतरला. मी पुढं झालो. म्हटलं भांडण झालंच तर आपण आहोत.

पाहुणे कठड्यावर बसले. तासभर पोरीकडं बघत राहिले. शेवटी उठले आणि सरांना म्हणाले, "मास्तर, पोरगी पाय लई आपटतीया. म्हशीकडं बघा. कशी गुमान जाती!"

सर जरा चिडले. "पाहुणं, म्हशीला कोण स्टॉपवॉच लावत नाही."

"मग लावून बघा की एकदा."

कपड्यांचं बोलणं निघालंच नाही. जाताना माझ्या हातात खव्याची पिशवी देऊन गेले. म्हणाले, पोरींस्नी द्या. दिली.

*

चार जणी असल्याशिवाय रिले होत नाही, आणि रिले जिंकल्याशिवाय ढाल येत नाही. चौथी मिळेना. सरांनी सगळे वर्ग पालथे घातले. एका मुलीनं विचारलं, केस भिजतात का? सर परत आले.

मंगल उचगावची. गोळाफेक करायची. अंगानं दांडगी, मनानं लोण्यासारखी. राजश्रीची मैत्रीण म्हणून सकाळी टँकावर येऊन नुसती बसायची. सरांनी तिच्याकडं एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"मंगल, तुला पोहता येतं?"

"बुडत न्हाय, एवढं सांगतो."

"एवढं पुरे," सर म्हणाले, आणि वहीत चौथं नाव चढलं.

तिनं पहिल्यांदा उडी मारली तेव्हा राजश्री म्हणाली, "वस्ताद, पाणी पुन्हा भरा आता!" मंगलच सगळ्यात मोठ्यानं हसली.

*

जाधव सरांची एक गोष्ट टँकावर फक्त मला ठाऊक होती. सरांना पोहता येत नव्हतं! कठड्यापासून तीन हात लांब उभे राहून त्यांनी पोरी तयार केल्या. पण माणूस पक्का. कुणाचा खांदा कुठं चुकतो ते त्यांना बरोबर दिसायचं. म्हणून मी बोललो नाही.

मंगल मात्र पाठ सोडायची नाही. "सर, एकदा पाण्यात उतरून दावा की!"

"मला सर्दी झालीय."

"म्हैनाभर ऐकतोय, सर. दवाखान्यात तरी दावा!"

पुढं शोभानं पहिलं मेडल मिळवलं. पोरींना आनंद झाला. आनंद झाला की आमच्याकडं माणसाला उचलतात. चौघींनी सरांना उचललं आणि दिलं टाकून खोल पाण्यात!

मी बांबू घेऊन धावलो. सरांनी तो असा धरला की बांबू सोडवायला दोघं लागली. वर आले. नाकातोंडातून पाणी. पोरींचे चेहरे पांढरेफटक. सरांनी दम घेतला, गळ्यातली शिट्टी चाचपली आणि जोरात वाजवली.

"चला, वॉर्म-अप!"

*

मोकळ्या वेळेत पोरी मला कुस्तीचं विचारायच्या, आणि मी सांगायचो. त्यात एकदा शड्डू कसा ठोकायचा ते दाखवलं. सांगलीच्या स्पर्धेत ते अंगाशी आलं.

मंगल पहिल्यांदाच स्पर्धेला उभी राहिलेली. धीर यावा म्हणून तिनं मांडीवर हात मारला. गोळा फेकणारा हात तो! असा आवाज निघाला की शेजारच्या दोन मुलींना वाटलं बार झाला. दोघी धाडकन पाण्यात!

पंच धावत आले. "हा काय प्रकार?"

"सवय हाय, सर."

"ही सवय कुणी लावली?"

चौघींनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. छत चांगलं होतं सांगलीचं.

*

त्या मोसमात शोभा एकटीच्या शर्यतीत उतरली आणि पहिली आली नाही, असं झालंच नाही. सांगलीत तेच, इचलकरंजीत तेच. जिल्ह्याच्या स्पर्धा आमच्याच टँकावर होत्या, तर तिच्या गावाकडनं जीप भरून पाहुणे आले. कुस्तीचं मैदान असावं तसे कठड्याला बसले. शोभा पहिली आली. पाहुण्यांनी पिशव्या उघडल्या आणि गुलाल उधळला!

टँक लाल. तळाच्या पट्ट्या दिसेनात. मी पाहुण्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पुढची शर्यत राजश्रीची होती आणि पंच थांबायला तयार नव्हते. पोरी त्याच पाण्यात उतरल्या. राजश्री चौथी आली. पण ती पोहली सगळ्यात जास्त गुलालातून. बाहेर आली ती डोक्यापासून पायापर्यंत लालेलाल!

पाहुण्यांना वाटलं, हीच जिंकली. त्यांनी तिलाच खांद्यावर घेतलं आणि टँकाला दोन फेऱ्या मारल्या. त्या शर्यतीत पहिली आलेली मुलगी टॉवेल गुंडाळून बघत बसली.

मी राजश्रीला नंतर विचारलं, "सांगायचं न्हाईस व्हय त्यास्नी?"

ती म्हणाली, "वस्ताद, पुन्हा कोण उचलणार हो मला?"

*

आता ढालीचं सांगतो.

नवरात्राच्या आधी विद्यापीठाच्या स्पर्धा आमच्या टँकावर झाल्या. पहिला दिवस संपला तेव्हा आम्ही आणि साताऱ्याचं एक कॉलेज बरोबरीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच शर्यत उरली होती, रिले. जो जिंकेल त्याची ढाल.

संध्याकाळी मंगलची आई लेकीला न्यायला आली. साताऱ्याच्या चौघी पोरी पायरीवर बिस्किटं खात बसल्या होत्या.

"जेवन?"

"मेस बंद आहे आज, मावशी. बिस्किटं आहेत की."

"आमच्या गावात येऊन बिस्कुटं खाताय? उठा!"

चौघींना तिनं रिक्षात घातलं आणि उचगावला नेलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, मटण, भाकरी. नको म्हटलं की वाटी भरायची. पुरे म्हटलं की दुसरी वाटी. पोरी लाजेकाजेनं खात राहिल्या.

सकाळी टँकावर साताऱ्याची एकच पोरगी ताठ उभी होती, त्यांची कॅप्टन विद्या. बाकीच्या तिघी पोट धरून बाकावर आडव्या. डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, तिखटाची सवय नाही, दुसरं काही नाही. पण साताऱ्याचे सर ऐकेनात. "मुद्दाम घातलं! जिंकायसाठी घातलं!"

मंगलची आई ते ऐकून जाग्यावर थिजली. "मास्तर, तिखट न्हवतंच ओ! नुस्ता रंग हुता!"

पंच म्हणाले, "सातारा उतरला नाही तर ढाल कोल्हापूरची. कोल्हापूरची तयारी असेल तर शर्यत संध्याकाळी घेऊ. तुम्ही सांगा."

जाधव सरांनी पोरींकडं बघितलं. प्रिन्सिपॉलसाहेब मंडपात बसलेले.

राजश्री हळू आवाजात म्हणाली, "ढाल हातात आहे आपल्या. संध्याकाळी गेली तर सहाचा तास गेला. आपण सगळ्याच गेलो."

शोभा म्हणाली, "सांजंला लावा."

"कांचन?"

"संध्याकाळी." त्या आठवड्यातलं तिचं बोलणं झालं.

मंगल रडत होती. संध्याकाळी हरलो तर तिच्यामुळंच हरणार, हे सगळ्यांना माहीत होतं, तिला तर जास्तच. तिनं नाक पुसलं. "माझ्या आईच्या हातचं खाऊन पडल्यात त्या. अशी ढाल घेऊन मी घरात कसा शिरू? सांजंला."

राजश्री माझ्याकडं वळली. "वस्ताद, तुम्ही सांगा काहीतरी."

"मी काय सांगू? पानी सांजंला बी हितंच हाय."

तिनं पंचांना जाऊन सांगितलं.

मंगलची आई घरी गेली आणि मऊ भात, ताक, ओवा घेऊन आली. दिवसभर त्या तीन पोरींच्या उशाशी बसली. एकीचं डोकं मांडीवर, दुसरीचे पाय चेपतेय, तिसरीला चमच्यानं ताक. दुपारी त्यातली एक उठून बसली आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली." बाईच्या डोळ्याला पाणी आलं.

पाच वाजता शर्यत लागली. मंगल पहिली उतरली. जन्मात पोहली नसेल अशी पोहली, तरी मागं पडली. कांचननं थोडं कापलं, राजश्रीनं आणखी थोडं. शेवटी शोभा आणि विद्या. शोभानं अंतर खाल्लं, खाल्लं, आणि भिंतीपाशी अर्धा हात राहिला.

सातारा जिंकला. ढाल साताऱ्याला गेली.

आमच्या पोरी पाण्यातच उभ्या राहिल्या. वर यायला कुणी तयार नाही. जाधव सर मंडपापाशी गेले. "साहेब, ढाल गेली."

"मी इथंच होतो," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. मग मला हाक मारली. "टँकाचं पाणी कधी बदलताय?"

"परवा, साहेब."

"मग मुलींना सांगा, परवा सहाला सुट्टी. उद्या नाही."

मी सांगितलं. मंगलनं पाण्यातच शड्डू ठोकला. पाणी माझ्या तोंडावर आलं.

त्या रात्री सगळ्या पुन्हा उचगावला जेवल्या. तूप-भात, वरण, दही. साताऱ्याचे सर सगळ्यांच्या आधी पानावर बसले, आणि वाढू का म्हटलं की वाढून घेत होते. मंगलची आई जेवली नाही. सकाळ होऊ दे, पोरी धड दिसू देत, मग जेवीन म्हणाली.

सकाळी ती एस.टी. स्टँडवर आली. गाडी निघायला झालेली. विद्यानं खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"मावशी, चौघी ठणठणीत!"

"आनि मास्तर?"

"ते पण!"

"मग फिटलं," मंगलची आई म्हणाली, आणि गाडी सुटली.